बाळाची स्किन नाजूक असेल तर कपड्यांची पावडर कशी निवडायची, अन् त्याहून जास्त म्हणजे कपडे धुवायचे कसे

आमची पोट्टी अडीच महिन्यांची होती, एप्रिल संपत आलेला, नागपूरचं ऊन म्हणजे तुम्हाला सांगायलाच नको, कूलर दिवसरात्र चालू, आणि तिच्या मानेवर, काखेत अन् कमरेवर जिथे चड्डीचं इलॅस्टिक बसतं बरोब्बर तिथेच लाल पुरळ. घरात सगळ्यांचं एकच मत, घामोळ्या. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं एवढी घाबरून राहिली, उन्हाळ्यात सगळ्याच लेकरायले होते." मलाही पटलं. कूलरला नवीन खस लावली, कपडे कमी केले, दोनदा अंग पुसून घेतलं, पण आठ दिवस झाले तरी पुरळ जागचं हलेना.

मग एक दिवस नीट पाहिलं तं दोन गोष्टी दिसल्या. डायपरच्या आतली स्किन एकदम साफ. आणि उजवा गाल साफ, डावा लाल. आता डावाच का? तं सासूबाई तिला खांद्यावर घेऊन झोपवतात तेव्हा डावा गाल त्यांच्या पदरावर असतो, आणि त्यांची कॉटनची साडी म्हणजे स्टार्च आणि वरून वासाचं कंडिशनर, खळखळीत. बाळाच्या डॉक्टरांकडे गेलो तं त्यांनी पावडर कोणती वापरता हे पहिले विचारलंच नाही, विचारलं की कपडे धुतं कोण आणि किती पाण्यात खंगाळतं. मी गप्प, कारण मला माहीतच नव्हतं. धुणारी मावशी येते, मागच्या मोरीत धुते, दोरीवर टाकते, जाते.

दुसऱ्या दिवशी उभी राहून पाहिलं. मूठभर पावडर, मूठभर म्हणजे खरंच मूठ भरून, बाळाच्या सहा झबल्यांना. मग "जंतू मरतात ना ताई" म्हणून अँटिसेप्टिकचं झाकण. मग एकच पाणी. मग वासाचं कंडिशनर. तेही मीच आणून दिलेलं, त्यामुळे मावशीला बोलायची सोय नाही.

म्हणून हे लिहून राहिली. दुकानात गेलं की "बेबी" लिहिलेल्या बाटल्यांची रांग दिसते आणि आपल्याला वाटतं सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली. तसं नसते. बाळाला त्रास बहुतेक वेळा दोनच गोष्टींचा होतो, एक म्हणजे वास आणि दुसरी म्हणजे कपड्यात उरलेली पावडर. या दोन्हीवर लक्ष दिलं तं साधी वस्तूही चालते, आणि नाही दिलं तं सातशे रुपयांची बाटलीही काही कामाची नाही.

पहिले हे पहा की पुरळ कपड्याचंच आहे का

घामोळ्या मानेच्या वळ्यांत, पाठीवर, कपाळावर येतात, बारीक बारीक दाणे, आणि थंड खोलीत ठेवलं, मोकळं ठेवलं की दोन-तीन दिवसांत ओसरायला लागतात. डायपर रॅश डायपरच्याच जागी असते, आणि जांघेच्या वळीत लालभडक चट्टा अन् त्याच्या आजूबाजूला सुटे सुटे ठिपके असतील तर ते बुरशीचं असू शकते, त्याचा पावडरशी संबंध नाही, त्याला औषधच लागते. डोक्यावर पिवळसर खपल्या असतील तं ते वेगळंच. एक्झिमा लहान बाळांना गालावर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, स्किन कोरडी खरखरीत होते, बाळ गाल अंथरुणावर घासते, आणि घरात कोणाला दमा, ॲलर्जी असेल तर शक्यता जास्त. कपड्यातल्या पावडरीचं पुरळ मात्र कपड्याचा नकाशा घेऊन येते: गळ्याची पट्टी, काख, मनगट, कमरेचं इलॅस्टिक, जिथे कापड दाबून बसते आणि घाम येतो तिथे. डायपरखाली झाकलेली जागा सुटते. (एक्झिमाही डायपरच्या जागेत सहसा नसतो, म्हणून फक्त तेवढ्यावरून ठरवू नका, कपड्याचा काठ कुठे लागतो ते पहा.)

आणि हो, कारण एकच असलं पाहिजे असं नाही. आमच्याकडे थोड्या घामोळ्या होत्याच, त्यावर पावडरीनं मीठ चोळलं.

बरणीची टेस्ट

ही सगळ्यांनी करून पाहा, फुकट आहे. धुतलेलं, वाळलेलं, घडी करून ठेवलेलं एक झबलं घ्या. काचेची स्वच्छ बरणी घ्या, मी लोणच्याची घेतली होती पण आधी नीट धुऊन, नुसत्या पाण्यानं खंगाळून, कारण भांड्याचा साबण राहिला तं टेस्टच फुकट. अर्धी बरणी गरम पाणी, त्यात झबलं, झाकण लावून मिनिटभर जोरजोरात हलवा. आमच्या बरणीत वर दोन बोटं फेस आला राजेहो, आणि पाणी गढूळ. तो "स्वच्छ" कपडा होता. तेच बाळाच्या घामात भिजून तिच्या मानेला दिवसभर घासत होतं.

यात विज्ञान फार नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट, सातच्या वर सोड्यासारखं. आपल्या स्किनचं पीएच थोडं आंबट असते, साधारण साडेपाचच्या आसपास. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तिच्या पाण्याचं पीएच दहाच्या वर जाते. मोठ्या माणसाची स्किन जाड, ती सांभाळून घेते, बाळाची पातळ आणि अजून पूर्ण तयार व्हायची असते. त्यात नागपूरचा घाम.

दुकानात काय पाहायचं

सगळ्यात पहिले वास. नाक लावून पाहा, पाकीट बंद असतानाच शेल्फवर वास येत असेल तं ठेवून द्या परत. कपड्याच्या साबणात ॲलर्जी करणाऱ्या ज्या गोष्टी असतात त्यात वासाची द्रव्यं सगळ्यात वर, आणि "बेबी" लिहिलेल्या बाटल्यांना तर उलट जास्तच गोडगोड वास असतो कारण वास आईला आवडतो, बाळाला काय घेणंदेणं. पाकिटावर फ्रॅग्रन्स, परफ्यूम, किंवा लिमोनिन, लिनालूल असं काही दिसलं की समजायचं. युरोपात २००४च्या डिटर्जंटच्या नियमानं अशी २६ वासद्रव्यं ०.०१ टक्क्याच्या वर असली तर नावानिशी छापणं कंपन्यांना भाग पडलं, आपल्याकडे पुष्कळ पाकिटांवर घटकच पूर्ण लिहिलेले नसतात. ज्यावर नीट लिहिलंय ती वस्तू घ्यायची, हा माझा साधा नियम.

इथे एक गंमत आहे. "फ्रॅग्रन्स-फ्री" आणि "अनसेंटेड" एक नाही. अनसेंटेडमध्ये कधीकधी साबणाचा मूळ वास दाबायला दुसरं वासद्रव्य घातलेलं असते, म्हणजे वास येत नाही पण वस्तू आहेच. आपल्याला फ्रॅग्रन्स-फ्री पाहिजे. "हायपोॲलर्जेनिक" शब्दाला तर ठरलेला असा अर्थच नाही, कंपनी म्हणेल तो. "डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड" म्हणजे टेस्ट केली एवढंच, निकाल काय आला ते बाटलीवर नसते ना.

"नॅचरल"नं हुरळून जाऊ नका. लव्हेंडर तेल, लिंबाचं तेल हे नॅचरलच असते आणि त्यातच ते लिनालूल अन् लिमोनिन असते. रिठ्याचं पण सांगते, माझी आई म्हणाली रिठ्यात धू, मी दोन आठवडे धुतले. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करते, हलकी घाण काढते, पण शीचे डाग काही जात नाहीत, आणि ते पाणी डोळ्यात गेलं तं काय आग होते ते मी स्वतः अनुभवलं. रिठा वाईट नाही, पण नीट खंगाळावा त्यालाही लागतोच.

लिक्विड की पावडर? लिक्विड पाण्यात लवकर विरघळते, धुतल्यावर कपड्यात कण राहत नाहीत, म्हणून बाळासाठी मी लिक्विडच्या बाजूची. पण लिक्विड खराब होऊ नये म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असते, त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे, नावाच्या शेवटी "थायाझोलिनोन" दिसलं की ती बाटली नको. पावडरमध्ये पाणी नसते त्यामुळे सहसा त्याची गरजच पडत नाही. म्हणजे पावडर घ्यायची तर घ्या, पण आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग कपडे टाका, कपड्यांवर भुरभुरवू नका.

डाग तोडायला डिटर्जंटमध्ये एन्झाईम घातलेलं असते, त्याला लोक उगाच घाबरतात. ही भीती आली १९६०च्या दशकातून, तेव्हा डिटर्जंटच्या कारखान्यात एन्झाईमची धूळ छातीत जाऊन कामगारांना दमा झाला होता. धुतलेल्या कपड्यातून घरात तसा त्रास होतो असं दिसलेलं नाही. आणि दूध, उलटी, शी हे सगळे प्रोटीनचे डाग, ते एन्झाईमच काढते. लोकर आणि रेशीम तेवढं वेगळं ठेवा, कारण तेही प्रोटीनच. पांढरेशुभ्र दिसायला घालतात ते ब्राइटनर आणि नीळ, त्यानं कपडा स्वच्छ होत नाही, फक्त तसा दिसतो. बाळाच्या लंगोटाला कोण पाहायला येते हो?

अंगाच्या साबणाची चूक

हे खास आपल्या नागपूरच्या बाहेरच्या ले-आउटवाल्यांसाठी. बेसा, हुडकेश्वर त्या बाजूला किती घरं बोअरवर आहेत. पुष्कळ जणी "सौम्य असते" म्हणून बाळाच्या अंगाच्या साबणानंच त्याचे कपडे धुतात. नळाच्या पाण्यात एक वेळ चालेल. पण बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते, ते साबणाला धरून न विरघळणारा चिकट पांढरा थर करते, बादलीच्या कडेला बसतो ना तोच, आणि तोच कपड्याच्या धाग्यातही बसतो. कितीही पाणी घाला, निघत नाही. मऊ दुपटं चार धुण्यांत पापडासारखं कडक होते ते त्यामुळे. जड पाणी असेल तं साबण नको, डिटर्जंटच घ्या, ते जड पाण्यात पुष्कळ बरं निघते.

पाणी जड आहे का हे कळायला बाटलीत थोडं पाणी आणि अंगाच्या साबणाचा तुकडा टाकून हलवा, फेस न येता दुधाळ पाणी झालं की जड. टीडीएसचं मीटर दाखवणाऱ्या माणसाचं ऐकू नका, ते मीटर सगळे क्षार एकत्र मोजते, जडपणा वेगळा. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरी सोय नसेल तं ६००पर्यंत. लॅबमधून तपासून मिळते.

मग आमच्याकडे एकानं घरभर पाण्याचा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढायचं यंत्र, बसवायचा सल्ला दिला, एक्झिमा जातो म्हणाला. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर नेमकी हीच गोष्ट तपासली होती, २०११ मध्ये निकाल छापून आला, सॉफ्टनरनं एक्झिमात काही फरक पडला नाही. साबण वाचेल, टाक्या स्वच्छ राहतील, ते खरं. पण बाळाच्या नावानं पैसे घालवू नका. आम्ही काय करतो, धुणं आणि पहिलं पाणी बोअरचं, शेवटचं पाणी नळाचं, सकाळी नळ येतो तेव्हाच एक बादली बाजूला काढून ठेवायची.

धुवायचं कसं

शीचे कपडे आधी वेगळे, झाडून, थंड पाण्याखाली धरून. गरम पाणी पहिले टाकलं तं डाग पक्का बसतो, अंडं शिजते तसं. मग अर्धी बादली पाणी, लिक्विड पाकिटावर सांगितलं असेल त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा. बाळाचे कपडे मळलेले कितीसे असतात, दूध, लाळ आणि घाम. वीस-पंचवीस मिनिटं भिजवून हातानं चोळलं की पुरते.

खरी मेहनत खंगाळण्यात. तीन पाणी. प्रत्येक पाण्यानंतर पिळायचं, नाही तर साबणाचंच पाणी पुढच्या बादलीत जाते आणि आपण समजतो तीन झाले. शेवटच्या पाण्यात हात घातला तं बुळबुळीत लागायला नको आणि फेस दिसायला नको. फ्रंट लोड मशीन पाणी वाचवते, त्यामुळे तिथे एक्स्ट्रा रिन्सचं बटण दाबाच, आणि हातानं धुवायची पावडर त्यात टाकू नका, फेस इतका होते की निघत नाही. सेमी-ऑटोमॅटिक असेल तं खंगाळणं बादलीतच करा. ड्रम भरून कोंबू नका.

अँटिसेप्टिक बंद. धुणं, तीन पाणी आणि नागपूरचं ऊन यात जे व्हायचं ते होते, आणि ते औषध कपड्यात राहिलं तं स्वतःच स्किनला झोंबते. कंडिशनरही बंद, ते तर मुद्दाम कपड्यावर थर ठेवण्यासाठीच असते, म्हणून तर मऊ लागते, वरून त्यात वास, आणि कापडी लंगोटाची पाणी शोषायची ताकदच कमी होते. ब्लीच मी बाळाच्या कपड्यांना वापरत नाही. कोणी वापरत असेल तं त्यात सिरका कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, तो विषारी.

वाळवणं. मे महिन्यात अर्ध्या तासात कडकडीत होतात, पण लू सुटली की धूळ बसते, सकाळीच वाळवून आत घ्या आणि झटकून घडी करा. पावसाळ्यात जास्त जपावं लागते, ओलसर वासाचं झबलं घालू नका, पंख्याखाली पसरून मग इस्त्री फिरवा.

ट्रंकेतले कपडे

आपल्याकडे बारशापर्यंत जुनेच कपडे घालतात, आजीच्या जुन्या लुगड्याचे लंगोट, मोठ्या भावंडांची झबली. स्किनसाठी तर हे फारच चांगलं, शंभरदा धुतलेलं कापड, खळ नाही, सुटा रंग नाही. (नवीन घेतलेले कपडे मात्र घालण्याआधी एकदा तरी धुवाच, त्यात खळ, रंग आणि चुणी पडू नये म्हणून लावलेली केमिकलं असतात.) अडचण एकच, ट्रंकेतल्या डांबर गोळ्या. त्यात नॅफ्थलीन असते, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाईमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वासानंच फुटू शकतात, कावीळ वाढते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे जन्मतः आपल्याला कुठे माहीत असते. म्हणून गोळ्या नकोच, आणि ठेवलेले असतील तं आधी कितीतरी दिवस उन्हात, मग धुणं, आणि तरी वास राहिला तं ते कापड फरशी पुसायला.

दुसरं म्हणजे बिब्ब्याची खूण. पूर्वी लॉन्ड्रीत कपड्यावर बिब्ब्याच्या तेलानं निशाणी करायचे, ती जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ यायचं ते या खुणेमुळे, त्याला "धोबी मार्क" असं नावच पडलं. आता बहुतेक ठिकाणी चिठ्ठी टाचतात किंवा मार्करनं लिहितात, पण जुन्या चादरीच्या कोपऱ्यात काळी खूण असेल तं तो कोपरा बाळापासून दूर. बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी पण त्याच बिब्ब्याची, पण ती आतली बी, तिचा दोष नाही, लाडू खा.

पावडर बदलल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला. साबण, तेल, पावडर, डायपर सगळं एकदम बदललं तं कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही. जुने कपडे आधी दोनदा नुसत्या पाण्यात काढा, कारण जुनी पावडर त्यातच बसलेली असते. आणि फक्त बाळाचे नाही, तुमचा गाऊन, ओढणी, उशीचे अभ्रे, गोधडी, बाबांचा टी-शर्ट, जिथे जिथे गाल टेकतो ते सगळं. सासूबाईंना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. मी सरळ बरणी त्यांच्यासमोर हलवली, त्यांच्याच पदराचा कोपरा घालून. फेस पाहून म्हणाल्या, "बाप्पा, एवढं!" आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला घेताना खांद्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायला लागल्या, साडीचा स्टार्च मात्र सोडला नाही.

दोन-तीन आठवडे द्या. आमचं पुरळ बाराव्या-तेराव्या दिवशी फिकट झालं. तोपर्यंत मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब लावू नका, खाजेच्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, बाळाच्या पातळ स्किनला ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको. पाणी सुटत असेल, पू किंवा पिवळी खपली धरली असेल, ताप असेल, बाळ दूध पीत नसेल, तर पावडरचे प्रयोग बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल अन् ताप असेल तं रात्र काढू नका.

मावशीसाठी मी पावडर बंद करून लिक्विड आणलं आणि त्याच्या झाकणात अर्ध्यावर नेलपॉलिशनं लाल रेघ मारली, रेघेच्या वर नाही. पहिले चार दिवस ती म्हणत होती फेसच नाही ताई, कपडे निघतील कसे. महिन्याभरानं पाहिलं तं तिनं स्वतःच्या घरच्या बाटलीच्या झाकणावरही तशीच रेघ मारून घेतली होती, नेलपॉलिश अर्थात माझंच.